लाल गोल नसलेलं पान

सायमन सर, तुमची फाईल मी कणकेच्या डब्यामागे लपवली आहे. हसू नका. आधी कपाटात ठेवली होती, पण कपाटाला कुलूप लावलं की बघणाऱ्याला वाटतं आत काहीतरी आहे. मी एकटी राहते, माझ्या स्वयंपाकघरात कोणी येत नाही, आणि चर्चच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या बाईकडे लपवण्यासारखं काही असेल असं कोणाच्या मनातही येणार नाही. तरी दाराची बेल वाजली की आधी डबा जागेवर आहे का बघते. परवा सिलेंडरवाला आला होता. त्यालाही मी सिलेंडर दारातच ठेवायला लावला, आणि त्यानं विचारलं, काकू, बरं नाही का?

तुम्हाला मातीत ठेवून बारा दिवस झाले. तुमच्याच मराठीत तुम्हाला निरोप दिला. फादर रॉबर्टनी तुम्ही सिद्ध केलेली प्रार्थना वाचली, आणि वाक्याच्या मधोमध जिथे तुम्ही श्वासाला जागा ठेवली होती तिथे ते थांबले. नीट थांबले. तुम्ही असतात तर शेवटच्या बाकावरून मान डोलावली असती. मी मात्र रडले नाही. सगळे म्हणाले सुनंदाबाई खंबीर आहेत. खंबीर कसली, मी गर्दीत प्रत्येक अनोळखी चेहरा निरखत होते, की यातला कोणी कन्हानहून तर आला नाही ना.

अकरा वर्षं मी तुमचं अक्षर वाचलं. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, धर्मगुरू नाही, कुठल्या पदावर नाही, आणि आपल्या कॅथलिक उपासनेतली एकेक प्रार्थना कुठून आली, मराठीत कशी आली, का तशी आली, याचं पुस्तक लिहितोय. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर लिहायचात. समोरच्या बाजूला कोणा पोराचा निबंध, त्यावर तुमचे दहापैकी चार मार्क, आणि मागे चौथ्या शतकातला एखादा बिशप. ऑफिस सुटलं की मी टायपिंग करायचे आणि तुम्ही बाजूला बसून चहात टोस्ट बुडवायचात. वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवायला लावायचात. माझा श्वास जिथे तुटेल तिथे वाक्य तोडायचात. "बिशपले नाही, तुले म्हनता आलं पाहिजे," असं म्हणायचात. मी तेव्हा फुगून जायचे.

आणि ते लाल गोल. पहिल्या महिन्यात मला वाटलं चुका दाखवलेल्या आहेत, मास्तरांची सवय. मी विचारलं तर म्हणालात, "चूक नाही वं. हे माह्या सोयीचं हाय. सोयीचं लिहिलं का मी गोल काढतो. मंग ते पुन्हा तपासतो. पुरावा सापडला त ठेवतो, नाही त काट." मी विचारलं, सोयीचं म्हणजे काय, तुमच्या मुद्द्याला सोयीचं? तुम्ही म्हणालात, "मुद्द्याले, मले, कोनालेही." आणि चहा पिऊ लागलात. मी त्यातलं मधलं 'मले' तेव्हा ऐकूनही सोडून दिलं.

तुमच्याबद्दल लोक काय बोलायचे ते तुम्हाला माहीत होतं, नाही का? तरुणपणी सेमिनरीत होतात, धर्मगुरू व्हायला एक वर्ष बाकी असताना निघून आलात. पोरीची भानगड, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या पोरीचं नावगाव कोणाला ठाऊक नव्हतं, पण ती होती यावर आपल्या सगळ्या चर्चचं एकमत. तुम्ही लग्नही केलं नाहीत, तरी एकमत हललं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, सर, तुम्ही काही बोलत का नाही? तुम्ही हसलात. "राहू दे ना. तेवढीच माह्यी इज्जत हाय." मला तो विनोद वाटला होता.

मग ती नोव्हेंबरची यादी. तीन वर्षांपूर्वीची. कालपर्यंत ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, आणि तुम्हाला ती माझ्यापेक्षा चांगली आठवत असेल, तरी सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. आपल्याकडे नोव्हेंबर हा मेलेल्यांचा महिना. लोक आपल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून ऑफिसात देतात, मी त्यांची यादी टाइप करते आणि दोन तारखेच्या मिस्साच्या उपासनेत ती वेदीवरून वाचली जाते. तुमच्या चिठ्ठीत दर वर्षी तीन नावं असायची. आई, वडील, आणि तिसरं नुसतंच 'नामदेव'. आडनाव नाही. त्या वर्षी फादर रॉबर्ट नवीन आले होते, त्यांनी सांगितलं यादी नीट करा, आडनावासकट. मी तुमच्या चिठ्ठीपाशी आले. हे नाव तर ख्रिस्ती नाही, कधीतरी चुकून उतरलं आणि दर वर्षी तसंच येत राहिलं असेल, असं समजून मी ते गाळलं. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. इतकी वर्षं टाइप केल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्याला सगळं कळतं.

यादी वाचून झाली आणि तुम्ही उठून बाहेर गेलात. मिस्सा चालू असताना. खोकला आला तरी बाकाखाली तोंड घालून दाबणारे तुम्ही. मी धावत मागे आले तर तुम्ही गेटपाशी सायकलचं कुलूप उघडत होतात आणि किल्ली लागत नव्हती.

"काहून काढलं वं ते नाव?"

"सर, मले वाटलं चुकून आलं."

"तुले वाटलं! माह्या मेलेल्या मानसाले यादीतून काढणारी तू कोन?"

अकरा वर्षांत तुम्ही माझ्यावर ओरडलात ते तेवढंच. तीन आठवडे टायपिंग बंद. मी रोज चहा करून ठेवायचे आणि रोज ओतून द्यायचे. चौथ्या आठवड्यात दुपारी आलात, बसलात, टोस्टला हात लावला नाहीत, आणि सांगितलंत.

तेवीस वर्षांचे होतात. सुट्टीत घरी आला होतात, कोणाची तरी मोटारसायकल घेतली होतीत, कामठीहून कन्हानकडे निघाला होतात. दिवेलागणीची वेळ. पुलाच्या अलीकडे एक माणूस सायकलवर, खाणीतली पाळी संपवून घरी चाललेला. मागून धडक बसली. तुम्ही पडलात, तो पडला. तुम्ही उठलात. त्याचा जेवणाचा डबा रस्त्यावर घरंगळत गेला आणि थांबला, तो आवाज तुम्हाला अजून येतो म्हणालात. मग तुम्ही मोटारसायकल उचललीत आणि निघालात. दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. अज्ञात वाहन, खाणकामगार, नामदेव. तुम्ही सेमिनरीला कळवलंत की आता मी परत येत नाही. वेदीपाशी उभं राहायची लाज वाटली म्हणालात. पोरीची भानगड लोकांनी आपणहून शोधून काढली आणि तुम्ही ती राहू दिलीत.

पोलिसांत गेला नाहीत. एका म्हाताऱ्या फादरपाशी पापनिवेदन केलंत, त्यांनी क्षमा दिली आणि सांगितलं, त्या घरी जा. तुम्ही गेलात. घर शोधून काढलंत, समोर पिठाची चक्की होती. नागपुराहून गव्हाची पिशवी घेऊन कन्हानला दळायला जायचात. पाळी येईपर्यंत समोरचं निळं दार बघत उभे राहायचात, आणि पीठ घेऊन परत यायचात. "किती वेळा?" मी विचारलं. "मोजले नाही," म्हणालात. "दारापर्यंत गेलो सुनंदा. कडी वाजवनं झालं नाही."

त्या कणकेची पिशवी तुम्ही मलाही आणून द्यायचात. कन्हानची चक्की बारीक दळते म्हणायचात. मी त्याच्या पोळ्या केल्या, सर. खाल्ल्या.

मी तेव्हा पुढचं काही विचारलं नाही. तो माणूस तिथे पडला होता तेव्हा तुम्ही त्याच्याजवळ गेलात का, तो काही बोलला का, किती वेळ तुम्ही तिथे होतात. विचारायचं मनात आलं होतं. पण मला ऐकायचं नव्हतं. तुमचा चहा गार झाला होता, मी तो गरम करायला उठले. आत्ता कळतं की ती माझी पळून जायची तऱ्हा होती.

पण त्यानंतर भांडले ना मी! आठवतं? त्याच्या दोन वर्षं आधी मी तुमचं चौथं प्रकरण टाइप केलं होतं. प्रायश्चित्ताचं. पहिल्या काही शतकांत पाप केलेला माणूस चर्चच्या दाराबाहेर कसा उभा राहायचा, आत जाणाऱ्यांना माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून कसं विनवायचा. आणि त्यावर तुमचं म्हणणं, की चर्चच्या दाराशी उभं राहणं सोपं आहे, आधी ज्याचा अपराध केला त्याच्या दाराची कडी वाजवावी लागते, नाहीतर वेदीवरची क्षमासुद्धा अर्धीच राहते. ते पान टाइप करताना माझी बोटं थांबली होती. आईच्या मातीच्या दिवशी मी विजूला, माझ्या सख्ख्या बहिणीला, चारचौघांत बोलले होते की आईला तू मारलंस, वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीस. सहा वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं. ते पान टाइप केलं आणि रविवारी मी शहराबाहेर वाडीला गेले. गोदामांच्या मागची तिची भाड्याची खोली, ट्रकांची रांग, धूळ. कडी वाजवली. तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चप्पल आत काढ, बाहेरून जाते चोरीले." एवढंच. आम्ही दोघी मग संध्याकाळपर्यंत रडलो.

म्हणून मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही मला पाठवलंत आणि स्वतः गेला नाहीत. हे पुस्तक खोटं आहे. तुम्ही म्हणालात, "मी खोटा असीन. पुस्तक काहून खोटं? तू गेली ना वाडीले?" मी म्हटलं, न गेलेल्या माणसाला रस्ता सांगायचा काय अधिकार? तुम्ही म्हणालात, "न गेलेल्या मानसालेच मालूम असते का कुठं पाय थांबते." मी रागानं मशीनवर कव्हर घातलं. तो वाद तिथेच राहिला. आता मला त्यातलं तुमचं वाक्यही खरं वाटतं आणि माझंही, आणि दोन्ही धरून बसले आहे.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या वॉर्डात तुम्ही माझं मनगट धरलंत. इतकी ताकद कुठून आली कोणास ठाऊक. "परिचयात खोटं लिहू नको. खरं लिहायचं का नाही, ते तू पाह्य." मी म्हटलं, सर, हे माझ्यावर टाकू नका. तुम्ही डोळे मिटलेत. झालं, गेलात तुम्ही सुटून! आयुष्यभर एक कडी वाजवली नाहीत आणि जाता जाता माझ्या गळ्यात धोंड बांधलीत. मी तुमच्यावर चिडलेली आहे, हे कोणाला तरी सांगायला हवं, आणि सांगण्यासारखे तुम्हीच होतात.

तुमच्या सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर फादर रॉबर्टनी मला ऑफिसात थांबवलं. पुढच्या सोमवारी समितीची बैठक आहे, पुस्तक छापायचं की नाही ते ठरेल, मजकूर सगळ्यांना आवडला आहे, फक्त लेखकाचा परिचय द्या. मी हो म्हटलं. मग ते पेनाशी चाळा करत म्हणाले, "एका सदस्याचं ऑब्जेक्शन आहे, सुनंदाबाई. सेमिनरी सोडून गेलेला माणूस, काय कारणानं गेला ठाऊक नाही, तो आम्हाला प्रायश्चित्त शिकवणार? मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, मुलीबिलीचं काही असेल, जाऊ द्या. तुम्हाला तर सगळं माहीत असेल. एक ओळ लिहून टाका, वाद मिटेल."

एक ओळ. तुमच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे जी एकच गोष्ट होती ती त्या भानगडीपेक्षा शंभरपट वाईट. गप्प बसले तर त्या पोरीची खोटी कथा माझ्या सहीनं छापली जाणार. बोलले तर अकरा वर्षांचं काम कुठल्यातरी खणात जाऊन पडणार, आणि तुमच्या कबरीवरची फुलं सुकायच्या आत लोक तुम्हाला खुनी म्हणणार. आणि मला? तीन वर्षं माहीत असून गप्प बसलेली बाई. घरी आले ती सरळ कपाटातली फाईल काढून कणकेच्या डब्यामागे ठेवली.

पण झोपेचं खोबरं झालं होतं, ते काही डब्यामागे मावत नव्हतं. म्हणून शनिवारी सकाळी फाईल काढली आणि चौथं प्रकरण तुमच्या अक्षरात पानापानानं पसरलं. मला एकच शोधायचं होतं. तुमच्या भूतकाळानं तुमचा हात कुठे वळवला आहे का? तुम्ही कुठे स्वतःला सूट दिली आहे का?

गोल होते, सर. पहिल्यांदाच मला ते वाचता आले. ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर नुसती प्रार्थना पुरते, असं कोणीतरी जुन्या काळी म्हटलेलं तुम्हाला सापडलं होतं. त्याला लाल गोल. खाली, 'तपासलं, आधार लंगडा आहे', आणि सगळा परिच्छेद काटलेला. फार वर्षं लोटली तर दारी जाण्याचं बंधन राहत नाही. लाल गोल, काट. तरुण वयातल्या अपराधाला सौम्य प्रायश्चित्त. लाल गोल, काट. तुम्हाला निसटता आलं असतं अशी एकेक खिडकी तुम्ही आपल्या हातानं बंद केली होती. मी जमिनीवर बसून होते आणि मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं म्हटलं, बघा! कोणाला म्हटलं कोणास ठाऊक.

आणि मग ते पान आलं. 'प्रायश्चित्त करणाऱ्याचं नाव मंडळीला कळलंच पाहिजे असं नाही. तो दाराशी उभा आहे, एवढं मंडळीला पुरे.' खाली तुमची टीप, 'लॅटिनवरून, भाषांतर माझं.' स्वच्छ, सुंदर वाक्य. मला ते तोंडपाठ होतं. आणि त्याला गोल नव्हता. मी पान उजेडात धरलं, पाठीमागून पाहिलं. कोणाच्या तरी 'माझा आवडता सण' या निबंधाखेरीज काही नव्हतं.

नाव सांगायची गरज नाही. सर, यापेक्षा तुमच्या सोयीचं त्या सगळ्या पुस्तकात दुसरं काय आहे? तिथे आधार इतका पक्का होता की गोल काढावासा वाटला नाही? की तिथेच तुम्हाला दिसलं नाही? मला लॅटिन येत नाही. ओळखीतल्या माणसांत ते येतं एका फादर रॉबर्टना. त्यांना विचारायचं तर ते म्हणणार, सुनंदाबाई, चारशे पानांतलं हेच वाक्य का? मी पंख्याखाली बसले, आणि हळूहळू जे कळलं ते फार लाजिरवाणं होतं. ते वाक्य खरं निघावं असं मला वाटत होतं. तुमच्यासाठी नाही. ते खरं असलं तर मलाही गप्प बसता येणार होतं.

तुमचा लाल पेन फाईलच्या खिशातच होता. मी त्या वाक्याभोवती गोल काढला. गोल वेडावाकडा आला. बाजूला लिहिलं, 'हे माझ्याही सोयीचं आहे.' अकरा वर्षांत तुमच्या कागदावर मी माझ्या हातानं लिहिलेलं हे पहिलं वाक्य.

आणि फादरांकडे जायच्या आधी, तुमच्याच पुस्तकाप्रमाणे, दुसरं दार होतं.

काल मी कन्हानला गेले. बसमध्ये दोनदा उतरायला उठले आणि दोनदा बसले. चक्की आहे अजून. चक्कीवाल्या म्हाताऱ्याला निळं दार विचारलं. तो म्हणाला, "आता हिरवं हाय. पयले नागपूरवरून एक मास्तर येत होते दळाले, ते बी त्याच दाराकडे पाहात रायत. आमी हासत होतो, का तिकडं चक्क्या बंद पडल्या का काय." मी हसल्यासारखं केलं. आणि सर, कडी वाजवली.

अनुसयाबाई त्यांचं नाव. नामदेवची बायको. सत्तरीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या. कोन वं, कुठली, असं विचारलं. मी म्हटलं नागपूरची, चर्चमध्ये काम करते, नामदेवभाऊंबद्दल बोलायचं आहे.

"त्यायचं नाव तुले कसं मालूम?"

"मी दर नोव्हेंबरले ते टाइप करतो. आमच्या चर्चमध्ये वाचतात. मेलेल्यांच्या यादीत."

"आमच्या मानसाचं नाव? तुमच्या चर्चमध्ये? काहून?"

मग सांगितलं. सगळं, क्रमानं, काही न गाळता. सांगताना माझा आवाज यादी वाचल्यासारखा येत होता. त्या शेंगा सोलत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांचे हात थांबले.

"मेला का तो?"

"हो. दहा-बारा दिवस झाले."

"मंग आता काहून आली तू?" त्यांचा आवाज चढला. "एवढे वर्स मी त्या न दिसलेल्या मानसाले शिव्या देल्या. आता कोनाले देऊ? शिव्या द्याले बी मानूस ठेवला नाही तुमी."

मी म्हटलं, मला द्या. "तुले देऊन काय होते," असं म्हणून त्यांनी सूप पुढे ओढलं आणि पुन्हा सोलायला लागल्या. मला वाटलं आता उठावं. पण पुस्तकाचं विचारायचं होतं. मी सांगितलं, त्या माणसानं एक पुस्तक लिहिलं आहे, माफी कशी मागावी त्याचं. त्यात हे लिहू का? त्यामुळे ते बंद पडेल कदाचित.

"चांगलं हाय का पुस्तक?"

"चांगलं हाय. मी त्याच्यानं माह्या बहिणीकडे गेली होती."

"मंग लिह्य. चांगलं असन त चांगलंच राहीन."

समितीत बसणाऱ्यांना या वाक्यावर पोहोचायला किती बैठका लागतील ते ठाऊक नाही. मी उठले, चप्पल पायात घातली. तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली.

"ऐक वं. एक सांगून जाय. त्यानं पानी पाजलं होतं का यायले? दवाखान्यातला डॉक्टर म्हने, भल्ला वेळ जित्ता होता रस्त्यावर. मी तेवढाच इचार करतो आतापर्यंत. तहान लागली असन. कोनी पानी देलं का नाही."

सर, मी दारात उभी राहिले. खोटं बोलावं, हो म्हणावं, असं ओठावर आलं. पण परिचयात खोटं लिहू नको म्हणालात, आणि हाच तर तुमचा परिचय होता. मी म्हटलं, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. "बरं," म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

परिचय लिहून झाला आहे. पहिल्याच ओळीत कन्हानचा पूल आहे. उद्या सकाळी तो, फाईल आणि ते लाल गोलाचं पान फादर रॉबर्टच्या टेबलावर ठेवणार आहे. ते काय करतील, समिती काय करेल, मला ऑफिसात ठेवतील की नाही, याची धास्ती आहेच, पण ती आता सोसण्यासारखी वाटते. या वर्षीची यादीही टाइप केली. नामदेव आहे. त्याच्या खाली तुम्ही आहात.

भीती आता दुसरीच आहे. एवढाल्या पुस्तकात तुम्ही एकही विधान टीपेशिवाय सोडलं नाहीत. कोण म्हणालं, कुठे, कधी. आणि जे तुमच्याशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हतं, ते विचारायची वेळ आली तेव्हा मी चहा गरम करायला उठले. तिथे बाई शेंगा सोलत बसली आहे. उत्तर 'नाही' असेल अशी मला भीती वाटते, आणि ते कधीच कळणार नाही याची त्याहून जास्त. तरी विचारते.

पाणी पाजलं होतं का, सर?